चौकटीबाहेरच्या पेशी

माझा आकडा चुकत नाही, असं मी एकवीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. अजूनही सांगते. फक्त हल्ली त्याला 'एकदा सोडून' अशी शेपटी जोडते. आणि त्या एकदाची गोष्ट कुणी विचारली नाही तरी सांगते, कारण झाकून ठेवलेली चूक नासते, असं माझं मत आहे.

आमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या रांगेला वळसा घालून गेलं की समोरासमोर दोन दारं लागतात. डावीकडे साधी रक्ततपासणी चालते. दिवसाला चारशे नळ्या यंत्रात जातात आणि खटाखट आकडे बाहेर पडतात: लाल पेशी इतक्या, पांढऱ्या इतक्या, त्यात जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट इतक्या. तिथल्या प्रमुखाला मी घाऊक म्हणते. उजवीकडची खोली माझी. माझ्याकडे दिवसाला सहा, फार तर आठ नमुने येतात. मी लेझरच्या यंत्रावर त्या लिम्फोसाइटची वर्गवारी करते: टी पेशी किती, बी पेशी किती, उरलेल्या किती. म्हणून तो मला किरकोळ म्हणतो. आमची खरी नावं आता फक्त हजेरीपटावर उरली आहेत.

माझं काम समजायला फार हुशारी लागत नाही. रक्तातली एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि यंत्र तिचा एक ठिपका पडद्यावर टाकतं. पेशी जितकी मोठी, तितका ठिपका उजवीकडे. आतून जितकी दाणेदार, तितका वर. लिम्फोसाइट लहान आणि गुळगुळीत, त्यामुळे त्यांचा दाट पुंजका खाली डाव्या कोपऱ्यात बसतो. त्या पुंजक्याभोवती एक चौकट काढायची. चौकटीच्या आत जे असेल ते मोजायचं, बाहेरचं सोडून द्यायचं.

ही चौकट मी बारा वर्षांपूर्वी काढली होती. त्यासाठी इथल्याच कर्मचाऱ्यांची तीस धडधाकट पोरं गोळा केली, प्रत्येकाला एकेक रंगपेटी देऊन दंडातून थोडंसं रक्त घेतलं, आणि दोन महिने डोळ्यांत तेल घालून ती चौकट बेतली. पुढे हाताखालच्या मुली ती जरा इकडे, जरा तिकडे ओढायला लागल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी चौकटीला पासवर्ड घातला. त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. मीसुद्धा नाही.

तर भिंगरी. पाच वर्षांची मुलगी, एका जागी कधी बसायची नाही म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव. ती आमच्याकडे आली तेव्हा मात्र मान ताठ, अंगात सणसणून ताप आणि डोळे अर्धे मिटलेले. पाठीतलं पाणी काढलं तर ते गढूळ निघालं. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, तोही जंतूंचा, तोही जोरदार. अशा मुलांच्या बाबतीत तास मोजले जातात. आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी पाणी काढायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू केलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

तिसऱ्या दिवशीही ताप हटेना. व्हेंटिलेटर चालू, बीपी टिकवायला औषधाचा पंप चालू, आणि कुशीवर वळवलं तरी बीपी घसरायचं. मागच्या वर्षी तिला न्यूमोनियाही झाला होता. डॉक्टरीणबाईंना शंका आली की या पोरीची लढायची ताकदच कमी आहे की काय. त्यांनी नळी माझ्याकडे पाठवली. मी नेहमीसारखं रक्त रंगवलं, यंत्रातून काढलं आणि दुपारी तीनला रिपोर्ट पाठवला: टी पेशी दोनशे तीस. या वयाच्या मुलात त्या दीड-दोन हजार तरी असाव्यात. लाल शाईत रिपोर्ट गेला. वर फोन करून मी म्हणाले, "डॉक्टर, फारच कमी आहेत हो."

"खात्री आहे ना, ताई?"

"माझा आकडा आहे," मी म्हणाले. तोऱ्यातच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला माझ्या खिडकीशी दोन बायका आल्या. पुढची उंच, काखेत पर्स घट्ट धरलेली. मागची तिच्या खांद्याआड, केस कसेतरी बांधलेले, अंगावर घरातले कपडे.

"रिपोर्टची आणखी एक प्रत हवी होती," उंच बाई म्हणाल्या. "मी मुलीची आत्या. दोन वाजता गाडी निघतेय."

"कुठली गाडी?"

"ॲम्ब्युलन्स. तिला मोठ्या रुग्णालयात हलवताहेत. तिथल्या तज्ज्ञांनी तुमचा आकडा फोनवर ऐकला आणि म्हणाले, हा जन्माचा दोष दिसतोय, आजच्या आज पाठवा. याचे उपचार इथे नाहीत म्हणे."

ते मोठं रुग्णालय इथून सात तासांवर आहे. कुशीवर वळवलं तरी जिचं बीपी घसरतं, ती पोर सात तास गाडीत. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. मी प्रत छापायला घातली.

"एक विचारू का?" आत्याबाई खिडकीवर वाकल्या. आवाज खाली आणला, पण मागच्या बाईला ऐकू जाणार नाही इतका काही आणला नाही. "हे असलं रक्तातलं जे असतं ना, ते आईकडून येतं की बापाकडून?"

"ते या तपासणीत कळत नाही."

"नाही, आमच्याकडे सगळे ठणठणीत. तिच्या माहेरी मात्र एक मामा लहानपणीच गेला होता." आणि मान किंचित मागे वळवून, "हो ना गं?"

मागची बाई म्हणजे भिंगरीची आई. तिने हात पुढे करून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि मुठीत धरला. दोघी निघून गेल्या. मला त्या आत्याचा असा संताप आला की हातातला पेन मी टेबलावर आपटला. माणूस मरणाच्या दारात आहे आणि ही बाई कुणाचं घराणं स्वच्छ ते तपासत बसलीय! पण तिच्या हातात ते हत्यार कुणी दिलं होतं? मीच छापून दिलं होतं.

पावणेबाराला घाऊक चहाचे दोन कप घेऊन आला. तो रोज येतो, रोज माझी एखादी खोडी काढतो आणि जातो.

"काय गं किरकोळ, कालपासून तुझ्या दुकानात मालाचा तुटवडा दिसतोय."

"म्हणजे?"

"ती आयसीयूतली मुलगी. त्याच वेळी काढलेली दुसरी नळी माझ्याकडे आली होती. माझ्या यंत्राने लिम्फोसाइट सोळाशे चाळीस मोजल्या. सकाळी तुझा रिपोर्ट कॉम्प्युटरवर बघितला. तुझ्या टी, बी आणि उरलेल्या मिळून चारशे साठ. बाकीच्या बाराशे गेल्या कुठे? सुट्टीवर?"

"तुझं यंत्र ठोकळ मोजतं. त्याला पेशी आणि कचरा यातला फरक कळत नाही."

"असेल बाबा," तो म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवलं. "पण बाराशेंचा कचरा जरा जास्तच होतो."

तो गेला. मी चहा तसाच ठेवला. खरं सांगते, मला त्याचा राग आला होता. त्याला तोंडावर पाडावं, एवढ्याचसाठी मी कालची फाइल उघडली. मुलीचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते आहे.

पडद्यावर ठिपके आले. खाली डाव्या कोपऱ्यात माझी चौकट, आत विरळ पुंजका. आणि चौकटीच्या उजव्या बाजूला, जरा वर, एक पसरट ढग. तो ढग मी कालही बघितला होता. बघितला होता आणि मेलेल्या पेशींचा गाळ म्हणून सोडून दिला होता, कारण तो चौकटीबाहेर होता.

टी पेशींना आम्ही एक चमकणारं रसायन लावतो, तीच त्यांची ओळख. मी चौकट बाजूला ठेवली आणि यंत्राला सांगितलं, जिथे जिथे ही खूण असेल ते सगळे ठिपके हिरवे कर. तो अख्खा ढग हिरवा झाला.

एका क्षणात सगळं लक्षात आलं, आणि ते इतकं साधं होतं की कुणी तोंडात मारावं तसं वाटलं. जंतूंशी गाठ पडली की टी पेशी फुगतात, आतून दाणेदार होतात. शांत बसलेली पेशी लहान असते, कामाला लागलेली मोठी असते. हे मी दरवर्षी नव्या मुलींना फळ्यावर चित्र काढून शिकवते! माझी चौकट धडधाकट, खेळत्या पोरांच्या पेशींच्या मापाची होती. या पोरीच्या पेशी जागच्या हलल्या होत्या. त्या नाहीशा झाल्या नव्हत्या, माझ्या मापात मावत नव्हत्या, एवढंच. आणि मी त्यांना कचऱ्यात काढलं होतं.

पासवर्ड घालून चौकट मोठी केली. टी पेशी नऊशे ऐंशी. सगळ्या मिळून सोळाशे तीस. घाऊकच्या आकड्यापेक्षा दहा कमी.

नऊशे ऐंशी हा आकडाही कमीच होता. पण मेनिंजायटिस असा जबर असला की टी पेशी काही दिवस खाली जातात. काही मरतात, काही रक्त सोडून जिथे आग लागलीय तिकडे जातात, आणि मूल बरं व्हायला लागलं की परत वर येतात. हा आजाराचा भाग झाला. दोनशे तीस म्हणजे जन्माचा दोष. एका आकड्याने मुलीला पलंगावर ठेवलं असतं, दुसऱ्याने तिला गाडीत घातलं होतं.

घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं. आयसीयूचा फोन लागेना, सतत कुणीतरी बोलत होतं. मी लिफ्टची वाट बघितली नाही. छप्पन्नाव्या वर्षी चार मजले जिने चढून गेले आणि दारातच धापा टाकत उभी राहिले.

डॉक्टरीणबाई प्रवासाच्या यादीवर खुणा करत होत्या: ऑक्सिजनचे सिलिंडर, जादा पंप, औषधं. नर्स नळ्या मोकळ्या करत होती. पलंगावर भिंगरी, इवलीशी, तोंडात नळी, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या पट्ट्या.

"डॉक्टर, गाडी थांबवा. कालचा आकडा चुकलाय."

"यंत्र बिघडलं?"

"यंत्र ठीक आहे. मी चुकले."

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत होता. बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, एरवी मला ताई म्हणतात, पण त्या दिवशी त्यांनी मुलाहिजा ठेवला नाही, आणि ठेवायचं काही कारणही नव्हतं.

"ताई, काल मी तुम्हाला विचारलं होतं, खात्री आहे ना? तुमच्या त्या आकड्यावर मी तिच्या आईवडिलांना काय काय सांगितलंय, माहितेय? जन्मापासून दोष, मूळपेशींचं रोपण, पुढचं मूल! मनात नसताना तिला या अवस्थेत हलवायला तयार झाले मी. आणि आता दीड तासावर गाडी आली असताना तुम्ही म्हणता थांबा?"

"हो, थांबाच म्हणते."

"आणि आज किती खात्री आहे?"

"कालच्यापेक्षा जास्त. काल मी बघितलंच नव्हतं. आज बघितलंय."

त्या नर्सकडे वळून म्हणाल्या, "ताजं रक्त काढ. दोन नळ्या." आणि मला, "जुन्या फाइलवर रेघ सरकवून आलेला आकडा मला चालणार नाही. नव्याने करा. पावणेदोनपर्यंत मला कागद हवा. नाही आला तर गाडी निघेल, कारण तिकडच्या तज्ज्ञांना मी तुमच्या शब्दावर नाही म्हणू शकत नाही."

बोलणं कडू होतं, पण मला ते आवडलं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

तळमजल्यावर आल्यावर मी आधी घाऊककडे गेले. "तुझं बरोबर होतं," म्हणाले. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एकवीस वर्षांत हे वाक्य त्याने माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. एरवी तो आठवडाभर मिरवला असता. त्या वेळी मात्र खुर्ची मागे सारून फक्त एवढंच म्हणाला, "एक नळी इकडे दे. मी काचेवर पसरून डोळ्यांनी बघतो."

रक्त रंगवायला वीस मिनिटं लागतात, लाल पेशी विरघळवायला दहा, यंत्रातून काढायला आणखी दहा. यात घाई करता येत नाही. अंधारात ठेवायची नळी अंधारातच ठेवावी लागते, कुणाची गाडी दारात असो नसो. मी घड्याळासमोर बसून राहिले. मला बसवेना, पण हातून काम नीट होत होतं. चूक झाली होती, ती कळली होती, आता काय करायचं ते मला ठाऊक होतं. काम येत असलं की माणसाला तेवढा आधार असतो.

घाऊक मायक्रोस्कोपवर वाकून बसला होता. मधेच ओरडला, "अगं, ये बघायला! चांगल्या गलेलठ्ठ आहेत एकेक! खाऊनपिऊन आल्यासारख्या!" मी गेले. गडद निळ्या, ऐसपैस पेशी, हातभर केंद्रक. एरवी बघून मी वहीत त्यांचं चित्र काढलं असतं. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात म्हणाले, पोरींनो, चुकलं माझं.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी आकडा आला. टी पेशी एक हजार दहा. सगळ्या मिळून घाऊकच्या आकड्याशी बरोबर जुळणाऱ्या.

दुरुस्त रिपोर्ट काढायचा तर कॉम्प्युटर कारण विचारतो. तीनच पर्याय देतो: नमुना अपुरा, यंत्रातील बिघाड, इतर. घाऊक माझ्या खुर्चीमागे उभा होता. हळूच म्हणाला, "यंत्राचं दाब. कुणाला काय कळतंय? तुझी दोन वर्षं राहिलीत. कशाला चौकशीचं लचांड लावून घेतेस?"

त्याची माया कळत होती. पण मला त्या बाईची मूठ दिसत होती, तिच्यात चार घड्या घातलेला कागद. यंत्र बिघडलं होतं असं लिहिलं असतं तर ती आत्या म्हणाली असती, यंत्राचं काय, आज हे म्हणतंय, उद्या ते म्हणेल. मी 'इतर' दाबलं आणि रिकाम्या ओळीत लिहिलं: 'मोजणाऱ्या व्यक्तीची चूक. मुलीच्या टी पेशी आजारामुळे तात्पुरत्या कमी असून त्या सक्रिय आहेत. जन्मजात दोषाची कोणतीही खूण या तपासणीत नाही.' खाली सही ठोकली. ठळक, वाचता येईल अशी.

पावणेदोनला पाच मिनिटं कमी असताना कागद वर पोचला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला, मोठ्या रुग्णालयात फोन लावला, पाच मिनिटं बोलल्या, ऐकलं, पुन्हा बोलल्या. मग पेन घेऊन प्रवासाच्या यादीवर आडवी रेघ मारली. "नळ्या परत जोडा," नर्सला म्हणाल्या. "ती कुठेही जात नाहीये."

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी भिंगरीचं बीपी कोसळलं. मी तेव्हा तिथेच होते, घरच्यांशी बोलायला थांबले होते. यंत्रं एकदम कोकलायला लागली, डॉक्टरीणबाई दोन ढांगांत पलंगाशी पोचल्या, कुणी पंप वाढवला, कुणी सलाइन दाबलं, कुणी छातीला स्टेथोस्कोप लावला. आठ माणसं, प्रत्येकाच्या हाताशी हवी ती वस्तू. काचेपलीकडे तिचा बाप भिंतीला टेकून खाली बसला. सहा मिनिटांनी आकडे वर यायला लागले. डॉक्टरीणबाई माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबल्या. आम्ही दोघींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ठरल्याप्रमाणे गाडी निघाली असती तर हे रस्त्यात झालं असतं, एक डॉक्टर आणि एका नर्ससमोर.

घरच्यांना डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. चूक माझी होती, तेव्हा ती मी सांगितली. आत्याबाईंनी विचारलं, "मग आता दोष नाही म्हणजे नक्की नाही?" बापाने विचारलं, "वाचेल ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लढतेय. आणि चांगली लढतेय, हे आता आम्हाला कळलंय."

आईने काहीच विचारलं नाही. सगळे पांगल्यावर ती माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"काल संध्याकाळी मी तिच्या कानाशी बसले होते," ती म्हणाली. "म्हटलं, बाळा, माझ्याच रक्तातून आलं गं तुला हे. माफ कर मला. असं किती वेळ सांगत होते."

कालचा आकडा मी दुरुस्त केला होता. ती संध्याकाळ मला दुरुस्त करता येत नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही नाही, माफी मी मागायची आहे. तुमच्याकडून तिला काही वाईट आलेलं नाही. हा आजार कुणाच्याही धडधाकट मुलाला होऊ शकतो. तापाच्या पहिल्या संध्याकाळी तुम्ही कुठल्याही डॉक्टरकडे नेलं असतं, तरी त्याने तापाचंच औषध दिलं असतं. सकाळी मान ताठली, तुम्ही तासाभरात इथे आणलंत. म्हणून ती आहे."

तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. रोज सकाळी खाली आली की ती माझ्या खिडकीवरून जायची. मी आकडा सांगायचे. बाराशे. चौदाशे वीस. ती फक्त ऐकायची आणि जायची. ताप पाचव्या दिवशी उतरला, आठव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. मी नवी चौकट बेतायला घेतली, या वेळी आजारी मुलांच्या रक्तावरून, आणि तिला पासवर्ड घातला नाही. चौकशी झाली, माझ्यावर ताशेरे ओढले गेले, ते मी वाचले आणि फाइलला लावले. घाऊक आता रोज स्वतःचा आकडा घेऊन येतो आणि आम्ही दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवतो.

बाराव्या दिवशी आकडा आला दोन हजार शंभर. हा कागद मी स्वतः वर घेऊन गेले.

भिंगरी जागी होती. उशांना टेकून बसवलेली, हातपाय काड्यांसारखे, पण डोळे लखलखीत. दार उघडलं तसं तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि लगेच कंटाळून दुसरीकडे बघायला लागली. इतकं बरं वाटलं मला तिचं ते कंटाळणं! पलंगाच्या डाव्या बाजूला आत्याबाई बसल्या होत्या, पायथ्याशी आई.

मी कागद आईला दिला. तिने तो वाचला. मग पदराला बांधून ठेवावं तसा जपून ठेवलेला दुसरा कागद पर्समधून काढला: माझा दुरुस्त रिपोर्ट. दोन्ही कागद तिने आत्याबाईंच्या मांडीवर ठेवले.

"वन्सं, हे वाचा."

"अगं, कळलंय ना मला. डॉक्टरांनी सांगितलंय सगळं."

"तुम्ही वाचा. मोठ्यानं. ती शुद्धीत नव्हती तेव्हा आपण जे बोललो ते तिच्या कानाशीच बोललो. आता हेही तिच्यासमोर होऊ दे."

इतक्या दिवसांत त्या बाईचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. आत्याबाईंनी चष्मा लावला. घसा खाकरला. आणि वाचायला लागल्या, "मोजणाऱ्या व्यक्तीची चूक. मुलीच्या टी पेशी..." त्यांचा आवाज चिरकला. तशाच पुढे वाचत राहिल्या, "जन्मजात दोषाची कोणतीही खूण..." मी उभी होते, खाली बघितलं नाही.

"आत्या, मोठ्यानं वाच ना," भिंगरी म्हणाली. घोगरा, रागावलेला आवाज. "काही ऐकू येत नाहीये."

आत्याबाई तिच्यापासून हातभरसुद्धा लांब नव्हत्या.

डॉक्टरीणबाई दाराशी होत्या. त्या पुढे आल्या आणि भिंगरीच्या डाव्या कानापाशी चुटकी वाजवली. तिने बघितलं नाही. उजवीकडे वाजवली. तिने पटकन मान वळवली. या आजारात कधीकधी कान जातो, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी खिशातून वही काढली आणि उद्याच्या कानाच्या तपासणीची वेळ लिहून ठेवली.

आई रडेल असं मला वाटलं. ती उठली. नणंदेच्या हातातून तो कागद घेतला, पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला गेली, मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.